वाचकांचे प्रश्न : घर किती लहान असावे, हे कोणी ठरवायचे?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त पती-पत्नी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो. मुले आपापल्या संसारात असल्यामुळे मोठे घर विकून त्याच गावातील आमच्या रिकाम्या प्लॉटवर ६४० चौरस फुटांचे बैठे घर बांधावे, असा आमचा विचार आहे. मात्र गावच्या झोनिंग नियमांनुसार, म्हणजे कुठे काय आणि कसे बांधायचे हे ठरवणाऱ्या नियमांनुसार, नवे घर किमान १,००० चौरस फुटांचे असलेच पाहिजे, असे टाउनशिपच्या (गावच्या स्थानिक प्रशासनाच्या) झोनिंग अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले. माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसांत गेले. मग दोन माणसांना ६४० चौरस फूट अपुरे कसे ठरतात?

– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण दिलेल्या चाळीच्या उदाहरणातच या प्रश्नाचे मर्म आहे. बीडीडी पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर द्यायचे ठरले. ती किमान मर्यादा रहिवाशाच्या बाजूची आहे, कारण तिच्याहून कमी जागा देऊ नये, असे तिने घर देणाऱ्याला बांधून ठेवले आहे. आपल्या टाउनशिपचा आकडा मात्र राहणाऱ्यालाच बांधतो. ज्याला तेवढे मोठे घर परवडत नाही किंवा नको आहे, त्याने गावात बांधूच नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

या वादाचा सर्वांत गाजलेला खटला आपल्याच राज्यातला आहे. वेन टाउनशिपने एकमजली घराला किमान ७६८ चौरस फूट, जोडलेले गॅरेज असलेल्या दुमजली घराला १,००० आणि तसे गॅरेज नसलेल्या दुमजली घराला १,२०० चौरस फूट अशी अट घातली होती. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लायन्सहेड लेक खटल्यात ती वैध ठरवली. रहिवाशांचे आरोग्य आणि गावाचे स्वरूप ही कारणे न्यायालयाला पटली. पण आकडे पुन्हा एकदा वाचून पाहा. घरात माणसे दोन की आठ, याचा त्यांत विचारच नाही. गॅरेज जोडलेले आहे की नाही, याचा मात्र आहे. गॅरेजवर अवलंबून असलेले आरोग्य मला तरी आजवर उमगलेले नाही.

पुढे १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात, झोनिंगचा वापर करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने बजावले आणि १९७९ मध्ये बर्लिन टाउनशिपच्या खटल्यात किमान क्षेत्रफळाच्या प्रश्नाला थेट हात घातला. राहणाऱ्यांच्या संख्येशी किंवा तशाच एखाद्या निकषाशी संबंध नसलेली सरसकट किमान अट ही आर्थिक वर्गवारीसाठीच आहे असे प्रथमदर्शनी मानले जाईल आणि ती योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी टाउनशिपवर राहील, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून आपल्या गावचा १,००० चा आकडा नियमावलीत छापलेला असला, तरी न्यायालयात तो टिकेलच असे मुळीच नाही. शेजारच्या कनेक्टिकट राज्याने तर २०२१ मध्ये कायदाच केला, की बांधकाम किंवा गृहनिर्माण संहितेत दिलेल्या किमान क्षेत्रफळाहून मोठी अट झोनिंगला घालता येणार नाही. बांधकाम संहितेची अपेक्षा किती माफक असते, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: अमेरिकेत सर्वत्र आधार मानल्या जाणाऱ्या नमुना संहितेत राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ७० चौरस फूट आहे, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीच्या निम्म्याहून कमी.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. तोंडी नकारावर थांबू नका. नकाशासह रीतसर अर्ज करून लेखी नकार घ्या आणि त्यात नियमाचे कलम नमूद आहे ना, ते पाहा. त्या निर्णयाविरुद्ध झोनिंग बोर्डाकडे २० दिवसांत अपील करावे लागते, आणि ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. बोर्डाकडे नियमातून सूट, म्हणजे तिथल्या भाषेत ‘व्हेरियन्स’, मागता येते; त्यासाठी आपल्या प्लॉटपासून २०० फुटांच्या आतील सर्व मालकांना सुनावणीपूर्वी किमान १० दिवस नोटीस द्यावी लागते. नोटिशीआधी शेजाऱ्यांना चहाला बोलावून नकाशा दाखवलात, तर सुनावणीतला निम्मा विरोध तिथेच मावळतो. बर्लिन निकालाचा आधार घेऊन थेट नियमालाच आव्हान देण्याचा मार्गही मोकळा आहे, परंतु त्यासाठी वेळ, पैसा आणि जमीनविषयक कायद्याचा जाणकार वकील लागतो. दोघांच्या एका घरासाठी मी आधी सूट मागण्याचाच सल्ला देईन.

या सगळ्याच्या आधी एक काम करा. प्लॉटचे खरेदीखत बारकाईने वाचा. प्लॉट पाडणाऱ्या विकासकाने खतातच किमान क्षेत्रफळाची खासगी अट घालून ठेवली असेल, तर ती टाउनशिपच्या नियमापेक्षा वेगळी बाब आहे आणि झोनिंग बोर्डाने सूट दिल्याने ती आपोआप रद्द होत नाही.