आई फोन काढून घेईल म्हणून गप्प बसू नकोस

प्रिय 'आवाज हरवलेली',

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. तू नववीत आहेस, बोलताना अडखळतेस, आणि वर्गात धडा वाचताना कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला, त्यातला तू 'प' वर अडकलीस तेवढाच तुकडा कापून त्याला गाणं लावून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आणि मग तुझ्या नावाने इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट पण काढलं. तीन आठवडे रात्री पांघरुणात फोन धरून नवीन कमेंट आली का बघत बसतेस. हजेरीला 'हजर' म्हणायची सुद्धा भीती वाटते, हे वाचून तर पोटात तुटलं बघ.

तू विचारलंस, "ही मस्करीच आहे का, मीच जास्त मनावर घेते का?" नाही. डॅन ओल्वेयस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, 1970 च्या दशकापासून त्यांनी शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या, मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि समोरच्याला स्वतःला वाचवणं जड जाईल इतका ताकदीत फरक असतो. अख्खा ग्रुप एकीकडे आणि तू एकटी, अजून काय पाहिजे?

आता आईचं. ती फोन काढून घेईल म्हणून तू सांगत नाहीयेस, आणि हीच भीती त्या मुलांच्या पथ्यावर पडतेय. तोंडाने सांगायला जड जातं ना, मग मला लिहिलंस तसंच तिला लिही. अगदी पहिली ओळ अशी लिही, "आई, मला मदत हवीय, पूर्ण वाचल्याशिवाय बोलू नकोस, आणि फोन काढून घेऊ नकोस, सगळा पुरावा त्यातच आहे." (आणि हे वाचणाऱ्या सगळ्या आईबाबांना हात जोडून सांगते, फोन काढून घेतलात तर क्लिप फिरायची थांबत नाही, फक्त पोरगी पुढच्या वेळी तुम्हाला सांगायची थांबते.)

पण कशालाही हात लावायच्या आधी स्क्रीनशॉट काढ. अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, पोस्टची लिंक पण जपून ठेव. व्हॉट्सॲपवर ब्लॉक-रिपोर्ट करताना चॅटच उडू शकतं, म्हणून आधी स्क्रीनशॉट मग रिपोर्ट. फेक अकाउंट 'माझ्या नावाने बनवलंय' हे कारण निवडून रिपोर्ट कर, मैत्रिणींनाही करायला सांग. ज्यांना ब्लॉक केलं तर वर्गात अजून त्रास देतील असं वाटतं त्यांच्यासाठी इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' आहे, त्यांना कळत पण नाही आणि तुझ्या पोस्टवरच्या त्यांच्या नव्या कमेंट तू परवानगी देईपर्यंत फक्त त्यांनाच दिसतात. उत्तर मात्र एकालाही देऊ नकोस, तुझं चिडणं हेच त्यांना हवं असतं. आणि रात्री कमेंट बघायचं काम आईवर सोपव, तू नको बघूस.

शाळेत आईला सोबत घेऊन जा, तक्रार लेखी द्या, तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी सांगितलेलं "मुलं आहेत, होतं असं" म्हणून विरून जातं.

तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीने तुला एकटीला मेसेज केला, "सोड ना, लक्ष देऊ नको." ती वाईट नाहीये, घाबरलीय. 2001 साली कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, शाळेच्या मैदानावरच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं, तर बघणाऱ्यांपैकी कुणी मधे पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! ते मैदानावरचं होतं, ग्रुपवर इतक्या पटकन थांबेलच असं नाही, पण तिला एवढंच विचार, "ग्रुपवर 'बास करा आता' एवढं एकदा लिहिशील का?" ती नाही म्हणाली तर निदान मधल्या सुट्टीत तुझ्यासोबत राहील का ते विचार.

आणि बाळा, कधी स्वतःला काही करून घ्यावं असा विचार मनात आला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी आईला हलवून उठव, तेव्हा चिठ्ठी लिहीत बसू नकोस, अडखळत का होईना, सांग.

आज झोपायच्या आधी ती पहिली ओळ लिही आणि चिठ्ठी आईच्या उशीखाली ठेव. ती काय म्हणाली ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी ताई