छेद लहान, पण शस्त्रक्रिया हृदयाचीच

प्रश्न : माझ्या ६४ वर्षांच्या आईच्या हृदयाची मायट्रल झडप गळते. डॉक्टरांनी लहान छेदातून शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती घरी आल्यावर लवकर कामाला लागू शकेल का?

उत्तर : छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया लहान नसते, हे आधी ध्यानात घ्यावे. छातीच्या उजव्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मधून, साधारण ५ ते ७ सेंटीमीटरच्या छेदातून सर्जन झडपेपर्यंत पोहोचतात. त्या वेळी हृदय थांबवलेले असते आणि रक्ताभिसरण यंत्रावर चालते, ज्याच्या नळ्या बहुधा जांघेतून घातल्या जातात. मात्र छातीचे मधले हाड कापावे लागत नाही, आणि खरा फायदा तोच आहे, कारण ते हाड सांधायला ६ ते १२ आठवडे लागतात.

तरीही पहिले काही दिवस बरगड्यांमध्ये कळ येते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरली की ती सुसह्य होते. वेदनाशामक गोळी टाळून उथळ श्वास घेत पडून राहणे फुप्फुसांना घातक ठरते, म्हणून गोळी वेळेवर द्यावी आणि आईंना रोज थोडे थोडे चालवावे. दमणूक काही आठवडे राहते. त्याने घाबरू नये.

ताप, जखमेतून स्राव, वाढती धाप किंवा पायांवर सूज दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. यांत्रिक झडप बसवल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. झडप बदलली असो वा दुरुस्त केली असो, दातांच्या उपचारापूर्वी दंतवैद्यांना हे आवर्जून सांगावे.