भाव कोण ठरवतं, ते लिहून द्या

वाचकांचे प्रश्न: इंधनाचे भाव. उत्तरं देणाऱ्या ताईंनी परभणीजवळ बरीच वर्षं पेट्रोलपंप चालवला. पंप आता त्यांचा भाचा बघतो.

ताई, माझ्याकडं एक ट्रॅक्टर आहे. घरचं रान थोडं, बाकी भाड्यानं नांगरणी, रोटा, पेरणी. डिझेल वाढलं की एकराचा भाव वाढवावा लागतो आणि गावाच्या शिव्या मी खातो. बाहेर क्रूड, म्हणजे कच्चं तेल, उतरलं तरी पंपावरचा आकडा हालत नाही. परवडना झालंय. या तेल कंपन्यांना सरकार वेसण का घालत नाही?
— एक ट्रॅक्टरवाले, जिंतूर तालुका

दादा, वेसण घातलेलीच आहे. फक्त दोरी कुणाच्या हातात आहे, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

कागद काय म्हणतो ते आधी सांगते. सरकारनं पेट्रोलचा भाव जून 2010 मध्ये मोकळा केला आणि डिझेलचा ऑक्टोबर 2014 मध्ये. आधी आम्ही पंपवाले महिन्याच्या एक आणि सोळा तारखेकडं डोळे लावून बसायचो. 16 जून 2017 पासून रोज सकाळी सहाला नवा भाव लागू व्हायला लागला. बाजार वर गेला तर भाव वर, खाली आला तर खाली. कंपन्या ठरवतील, सरकारचा संबंध नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. 4 नोव्हेंबर 2021 ला केंद्रानं उत्पादनशुल्क उतरवलं आणि त्यानंतर साडेचार महिने कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांत निवडणुका झाल्या, रशिया युक्रेनमध्ये घुसला, क्रूड शंभर डॉलरच्या वर गेलं. आमच्याकडं रोज सकाळी सहाला कालचाच भाव. निकाल लागले 10 मार्च 2022 ला. 22 मार्चपासून ऐंशी-ऐंशी पैशांनी चढ सुरू झाला आणि 6 एप्रिलपर्यंत दहा रुपये वाढले. मग पुन्हा कुलूप. 2024 मध्ये दोन रुपये कमी झाले ते 15 मार्चला, आणि लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं 16 मार्चला. हे बाजारानं ठरवलं असं कुणी म्हणालं तर त्याला आमच्या पंपावर चहा पाजून वाटेला लावीन.

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या, आणि देशातले बहुतेक पंप यांचेच. मालक सरकारच असल्यावर फोनवर काम होतं, कायदा कशाला लागतो? एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत भाव दाबून धरल्यामुळं तिघींना मिळून सुमारे साडेअठरा हजार कोटींचा तोटा झाला. पुढं क्रूड उतरलं, भाव तिथंच राहिला, आणि 2023-24 या एका वर्षात त्यांनीच मिळून सुमारे 81 हजार कोटींचा नफा कमावला. तुमच्या टाकीपर्यंत जो उतार पोचला नाही, तो तिकडं गेला. कंपन्या म्हणतात, आधीची तूट भरून काढली. असेलही. पण तूट किती होती, ती कोणत्या महिन्यात भरली आणि त्यानंतर काय, हे तुम्हाला-मला कुणी दाखवलं?

म्हणून पुन्हा 2010 पूर्वीसारखं सगळं सरकारनं ठरवावं, असं मी म्हणणार नाही. ते दिवस मी काउंटरवर बसून काढलेत. भाव दिल्लीत ठरायचा, कंपन्यांची तूट वाढत जायची. 2012-13 मध्ये, डिझेलचा भाव अजून मोकळा झालेला नसताना, ती 1 लाख 61 हजार कोटींवर गेली होती. त्याआधीच्या वर्षांत सरकारनं रोख पैशांऐवजी कंपन्यांना तेलरोखे दिले. म्हणजे आज स्वस्त डिझेल भरा, फेड पुढचे करतील. आणि तूट आली की माल आखडतो. पैसे आगाऊ भरलेले, मृग बरसलेला, आणि टँकर येईना. रांगेत कॅन घेऊन उभी असलेली माणसं मलाच साठेबाज म्हणायची. कंपनीचं नाव घेत नाही, साहेब बदलून गेले. खासगीवाल्यांचंही तेच झालं. सरकारी पंपांच्या दाबलेल्या भावापुढं टिकता येईना म्हणून 2008 मध्ये रिलायन्सनं आपले पंपच बंद केले. स्पर्धा गेली ती तेव्हा.

मग पाहिजे काय? लेखी नियम. कारखान्यातून निघतानाचा भाव, वाहतूक, कंपनीचा वाटा, पंपवाल्याचं कमिशन, केंद्राचा कर, राज्याचा कर, हे प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं छापा. दिल्लीच्या भावाची अशी फोड इंडियन ऑइलच्या संकेतस्थळावर असते. परभणीची कोण देणार? क्रूड अमुक इतकं हललं की पंपावरचा भाव इतक्या दिवसांत हललाच पाहिजे, वरही आणि खालीही. भाव गोठवायचाच असेल तर सरकारनं तसा आदेश काढावा आणि भरपाई त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात दाखवावी. 2006 च्या कायद्यानं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ झालेलं आहे, पण पेट्रोल-डिझेलचा भाव ठरवणं त्याच्याकडं नाही. भाव ठरवू नका म्हणा, निदान हिशेब तपासायचा अधिकार तरी द्या.

एकराचा भाव मात्र तुम्ही पेरणीआधीच डिझेलशी बांधून घ्या. डिझेल इतकं वाढलं तर एकरामागं इतके, उतरलं तर इतके कमी. पारावर बसून चार माणसांत सांगा. शिव्या थोड्या कमी होतील.

परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, अशी बातमी दरवेळी येते. आम्ही काय पाप केलंय?
— कॉलेजातली एक स्कूटीवाली, परभणी

पाप भूगोलाचं आहे, बाळा. आपल्याकडचा माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेलडेपोतून येतो. मुंबईहून तिथवर पाइपलाइन आहे, पुढं सगळं टँकरवर, तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते भाडं तुझ्या लिटरमध्ये बसलेलं असतं. 2021 मध्ये मुंबईच्या आधी परभणीनं शंभरी पाहिली ती यामुळंच. संभाजीनगरला डेपो करा ही पंपवाल्यांची मागणी जुनी आहे.

इथं मात्र नियमनाला खरंच वाव आहे. वाहतुकीचा बोजा राज्यभर सारखा वाटायचा की लांबच्यानं जास्त भरायचं, हा निर्णय बाजाराचा नाही, माणसांचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपन्यांनीच काही राज्यांत हा खर्च नव्यानं मांडला आणि डेपोपासून दूरच्या गावांत भाव उतरले. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मराठवाड्याच्या एखाद्या आमदारानं हा हिशेब विधानसभेत मागायला हरकत नाही. रस्ते-पाण्यावर बोलून उरलेल्या वेळात.

उदगीरहून कमालनगरला गेलं की कर्नाटक लागतं. एकेकाळी तिथं डिझेल चांगलंच स्वस्त मिळायचं. कंपनी तीच, टँकर तसाच. मग कंपन्यांना दोष देऊन काय उपयोग?
— एक मालट्रकवाले, उदगीर

बरोबर पकडलंत. ती तफावत कराची. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये कमी केले, कर्नाटकानं त्यावर स्वतःचे सात-सात उतरवले. महाराष्ट्रानं मे 2022 पर्यंत काही केलं नाही, आणि केलं ते पेट्रोलवर 2 रुपये 8 पैसे, डिझेलवर 1 रुपया 44 पैसे. मग जुलैमध्ये सरकार बदलल्यावर पाच आणि तीन. तोवर सीमेवरच्या आपल्या पंपांवर माश्या.

आणि आपला व्हॅट, म्हणजे राज्याचा कर, टक्क्यांत आहे. परभणी-उदगीरकडं डिझेलवर 21 टक्के, पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरला 5 रुपये 12 पैसे, असा दर आम्ही भरत आलो. तो केंद्राचा कर धरून होणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. मूळ भाव दहा रुपयांनी वाढला की डिझेल 12 रुपये 10 पैशांनी वाढतं. वरचे दोन रुपये दहा पैसे मुंबईच्या तिजोरीत, काही न करता. राज्यांचंही एक गाऱ्हाणं खरं आहे: केंद्राच्या शुल्कातला मोठा भाग उपकर आणि अधिभार म्हणून असतो आणि त्यात राज्यांना वाटा नाही. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

त्या नोव्हेंबरच्या कपातीची आमची बाजूही ऐका. घोषणा झाली लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी. सुट्ट्यांसाठी टाकी भरून ठेवलेली, कर आधीच मोजलेला. सकाळी सहाला बारा हजार लिटर डिझेल स्वस्तात विकायला लागलो, दीड लाखाच्या आसपास गेले. कपात नको असं कोण म्हणेल? पण साठ्यातल्या मालाचं काय, हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

पेट्रोल जीएसटीत आलं तर प्रश्न सुटेल का?
— एक शिक्षक, सेलू

राज्यघटनेत वाट मोकळी आहे, जीएसटी परिषदेनं तारीख सुचवायची एवढंच. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून बाजूला पडला. कुठल्याच पक्षाचं राज्य हे दुभतं जनावर सोडणार नाही. वाट बघू नका.

पंपावर कमी भरतात अशी शंका आली तर?
— अनेक वाचक

पाच लिटरचं शिक्कामोर्तब केलेलं माप प्रत्येक पंपावर असतं. मागा. तुमच्यासमोर मोजून दाखवलंच पाहिजे, फरक 25 मिलिलिटरपर्यंत चालतो. शंका पेट्रोलच्या शुद्धतेची असेल तर फिल्टर पेपर मागा, त्यावर थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. पोऱ्या टाळाटाळ करायला लागला तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. मालकाकडं तक्रारवही मागा आणि पावतीवरची वेळ लिहून वैधमापन (वजनमाप) कार्यालयात अर्ज द्या. पावती मात्र घ्या. कुणीच घेत नाही.