फोल्डर हलवला आणि लाइटरूमला फोटो सापडेनात

ताई, रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, फोल्डर तुम्ही विंडोजमधून थेट बाहेरच्या डिस्कवर हलवलात आणि आता लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर प्रश्नचिन्ह दिसतंय. पुन्हा इम्पोर्ट करू का, असं विचारलंय. मुळीच नको. तेच फोटो कोरे येतील आणि राजवाड्यासमोरच्या फोटोंवरची सगळी मेहनत जुन्या नोंदींपाशी अडकून राहील.

कॅटलॉग म्हणजे लाइटरूमची नोंदवही, त्यात फोटो नसतातच. त्यात असतो फाइलचा पत्ता, एडिटिंगच्या सूचना, स्टार आणि कीवर्ड. पत्ता बदललाय, तो नवा सांगायचा, बस. डिस्क जोडा, लायब्ररीत डावीकडे त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ घ्या आणि नव्या जागेचा फोल्डर दाखवा. सगळ्यात वरचा दाखवलात की आतले आपोआप जुळतात. वरचा यादीत नसेल तर आधी ‘शो पॅरेंट फोल्डर’. सुटे फोटो राहिले तर उद्गारचिन्हावर क्लिक करून ‘लोकेट’ घ्या आणि ‘फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज’ची खूण ठेवा. मात्र फाइलचं नावच बदललं असेल, तर एकेक शोधणं आलं.

‘सिंक्रोनाइज फोल्डर’पासून जपून. त्यातल्या ‘रिमूव्ह मिसिंग फोटोज’वर खूण राहिली, तर फोटो डिस्कवर राहतात पण कॅटलॉगमधलं एडिटिंग जातं. सुरुवात करण्याआधी कॅटलॉगचा बॅकअप घ्याच. फक्त त्या बॅकअपमध्ये फोटो येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी हवी.

उद्या हीच डिस्क ‘ई’ऐवजी ‘एफ’ म्हणून उघडली की पुन्हा प्रश्नचिन्हं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तिला ‘पी’सारखं पुढचं अक्षर देऊन टाका. आणि यापुढे फोल्डर हलवायचा तो लाइटरूमच्या आतूनच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चेहरे हिरवट का येताहेत? व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे फोटोतला रंगाचा झाक काढण्याचा, ड्रॉपर तुम्ही गुलाल लागलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकवलाय. लाइटरूम तो गुलाबी रंग मारायला हिरवा वाढवतं. आधी ‘अ‍ॅज शॉट’वर, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेल्या मूळ रंगावर, परत या, मग रंग न लागलेला रस्ता किंवा राखाडी भिंत शोधून तिथे टेकवा. जमलं की त्याच उजेडातल्या बाकी फोटोंवर हीच सेटिंग सिंक करा, पण सिंकच्या खिडकीत खूण फक्त व्हाइट बॅलन्सवर.