पिकअप दणकट कोणती? प्रश्न तुमचे, उत्तरं मेस्तची

गेल्या अंकात म्हटलं होतं की मालवाहू गाड्यांवर प्रश्न पाठवा, आणि पावसाच्या तोंडावर गाडी घ्यायच्या विचारात एवढे लोक असतील असं वाटलं नव्हतं. सगळी पत्रं एका वेळी घेता येत नाहीत, ज्यांचे पैसे अडकणार आहेत त्यांची आधी घेतो.

प्रश्न (वाळपई): मेस्तदादा, मी जांभ्या दगडाचे चिरे आणि खडीच्या खेपा मारतो. जुनी गाडी विकून नवीन डिझेल पिकअप घ्यायचीय. भाऊ म्हणतो महिंद्राची बोलेरो घे, शेजारी म्हणतो टाटा योद्धा घे, तिचा पत्रा जाड आहे. काम दीड टनाचं आहे. जास्त कुठली टिकेल?

उत्तर: दादा, आधी चिरे मोजूया, कंपनी मग बघू. एक चिरा साधारण 30 किलो धरा, पावसात भिजलेला असला तर वर दोन-तीन किलो, कारण आपला चिरा पाणी पितो. म्हणजे दीड टनात बसतात 50 चिरे. आता खरं सांगा, एका खेपेला किती भरता? माझ्या गॅरेजला येणाऱ्या चिऱ्याच्या गाड्यांत 80 च्या खाली कोण भरत नाही, 100 भरणारे पण आहेत, आणि 100 चिरे म्हणजे 3 टन. दीड टनाच्या गाडीवर 3 टन टाकून खाणीतला खड्ड्यांचा चढ रोज चढवला तर चासी कुठल्या पण कंपनीची असू दे, ती दोन जागी तडकणार, एक केबिनच्या मागे हौदा सुरू होतो तिथे आणि दुसरी मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे ब्रॅकेट चासीला लागतात तिथे. पहिल्यांदा रंगावर केसासारखी रेघ दिसते, मग त्या रेघेतून तांबडा गंज पाझरतो, आणि तोपर्यंत मालक वेल्डिंग करून घेऊन परत 100 चिरे भरत असतो.

पत्रा जाड म्हणतात ते सोडून द्या. दरवाजा अंगठ्याने दाबून गाडीची ताकद कळत नाही, कारण या सगळ्या गाड्यांत वजन पेलतात चासी, पाटे आणि मागचा एक्सल, केबिनचा पत्रा नुसता तुम्हाला उन्हापावसातून वाचवतो. शोरूममध्ये गेलात की सरळ खाली वाका, चासीची उंची बघा, चासीच्या दोन बाजू जोडणारे आडवे मेंबर किती आणि कुठे आहेत ते बघा, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कसं बांधलंय ते बघा, लोंबतंय का, दगड लागेल असं आहे का. हे बघायला पाच मिनिटं लागतात पण हजारात एक माणूस बघत नाही.

आता तुमच्या दोन गाड्या. बोलेरो पिकअपला 2523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, एवढ्या मोठ्या इंजिनाला हॉर्सपॉवर 75 च्या आसपासच आहेत, म्हणजे इंजिन ताणलेलं नाही आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालतं. शिवाय कुठल्या पण तालुक्यात ते उघडणारा फिटर मिळतो. योद्धाला 2.2 लिटरचं इंजिन, 100 हॉर्सपॉवर, चढाला भरलेली गाडी जास्त आरामात ओढते, आणि 2022 पासून 2 टनांची योद्धा पण मिळते. माझं मत विचाराल तर दोन्ही चांगल्या, पण तुम्ही दीड टनाची घेऊच नका. बोलेरोत घ्यायची तर 1.7 टनांची किंवा बोलेरो मॅक्समधली 2 टनांची, टाटात घ्यायची तर योद्धा 2.0, आणि दोघांपैकी जिचं सामान वाळपईत त्याच दिवशी मिळतं ती. गाडी चार दिवस सामानाची वाट बघत उभी राहिली की हप्ता काही उभा राहत नाही.

आणि एक सांगतो, जादा पाटा टाकून घेऊ नका. पाटा टाकला की गाडी मागून बसत नाही म्हणून वाटतं ती जास्त वजन पेलते, पण ब्रेक तेच, टायर तेच, एक्सल तोच, फक्त धक्का आता पाट्यात जिरायच्या ऐवजी सरळ चासीत जातो. 3 टनांचंच काम असेल तर पिकअपचा नाद सोडा आणि टाटा 407 च्या वरची गाडी बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडचा दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहे, तो धरून हिशेब करा.

प्रश्न (कुटबण): काका, मासळीच्या धंद्यात गाडी आहे, जेटीवरून मडगावला रोज फेरी. चारच वर्षांत हौद्याचा तळ कुजला आणि चासीचे पापुद्रे निघायला लागले. कंपनीने हलकं लोखंड वापरलं असेल का?

उत्तर: बाळा, लोखंडाला दोष देण्याआधी गाडीखाली काय गळतंय ते बघ. ट्रेमधला बर्फ वितळतो, त्या पाण्यात खार असतो, मासळीचं रक्त असतं, ते हौद्याच्या फटींतून बरोबर चासीवर पडतं आणि चासीच्या खोबणीत जी माती साठलेली असते ती हे पाणी स्पंजासारखं धरून ठेवते. खार हवेतली ओल ओढून घेतो म्हणून ती माती उन्हाळ्यात पण पूर्ण वाळत नाही. मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती, वरून रंग चकचकीत, मालकाने नुकताच मारून घेतलेला, मी मागच्या चाकाच्या वर चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर तो चिकणमातीत जावा तसा आत गेला. मालक बाजूला उभा होता, त्याचं तोंड बघवत नव्हतं.

मोठ्या कंपन्यांना पण हे सुटलेलं नाही. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्या मिठाने टोयोटाच्या टकोमा आणि टुंड्रा पिकअपच्या चासी एवढ्या कुजल्या की 2016 मध्ये कंपनीला 3.4 अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड कबूल करावी लागली. टोयोटाचं इंजिन लाखो किलोमीटर चालतं हे जगाला माहीत आहे, पण इंजिन चालू आणि चासी कुजलेली अशी गाडी काय कामाची?

तू असं कर. हौद्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा नाहीतर जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घाल, सगळे जोड बंद कर, एका कोपऱ्याला उतार देऊन तिथून पाइप काढ आणि तो चासीच्या खाली, चाकाच्या मागे सोड. हे काम चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घे, इथे पैसे वाचवू नकोस. रोज माल उतरवला की गोड्या पाण्याने खालून धुवायची, वरून नाही, खालून. पावसाळ्याआधी चासीच्या आतल्या बाजूने गंजरोधक मेण मारून घे. काही लोक जळका ऑइल फवारतात, ते नको, त्याने रबरी बुश फुगतात आणि सुटतात, आणि गळून नदीत जातं ते वेगळंच. पापुद्रे निघालेल्या जागी नुसता रंग मारू नकोस, आधी ठोकून बघ किती आत गेलंय, चासी अर्धी खाल्ली असेल तर ती गाडी मासळी भरून महामार्गावर न्यायची नाही. माझ्यावर राग धरलास तरी चालेल.

प्रश्न (फोंडा): माझा मुलगा अमेरिकेत असतो, तिकडच्या हेवी ड्यूटी डिझेल पिकअपचे व्हिडिओ पाठवतो आणि म्हणतो आपल्याकडच्या गाड्या त्यांच्यापुढे खेळणी. खरंच त्या एवढ्या दणकट असतात का, आणि त्यांत सगळ्यात चांगली कुठली? इथे आणता येईल का?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो, डावीकडचं स्टिअरिंग इथे पासिंगला चालत नाही, तेव्हा आणायचा विचार सोडा. बाकी मुलगा सांगतो ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं फार शिकण्यासारखं आहे म्हणून जरा लांबण लावतो.

तिकडे या वर्गात तीन घराणी आहेत, फोर्डची सुपर ड्यूटी, रॅम, आणि जनरल मोटर्सची शेवरले-जीएमसी. रॅमची ख्याती कमिन्स या इंजिन कंपनीच्या इंजिनावर. 1989 पासून तिच्यात 5.9 लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन येत होतं, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, टायमिंगला बेल्ट नाही, चेन नाही, नुसते गिअर. याच घराण्यातलं इंजिन जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनून आपल्याकडच्या टाटाच्या ट्रकांत बसत होतं, म्हणजे तुमच्या मुलाला जे एवढं आवडतं त्याचा आवाज तुम्ही इथे कित्येक वर्षं ऐकलाय. पण त्या इंजिनात पण एक खोट निघाली. टायमिंग कव्हरच्या मागे बोटाएवढी पण नाही अशी एक लोखंडी पिन असते, ती धक्क्यांनी हळूहळू सैल होऊन गिअरांमध्ये पडायची आणि एवढं मोठं इंजिन एका पिनीने बसायचं. जाणकार मालक ती पडायच्या आधीच कव्हर उघडून तिच्यासमोर पट्टी बसवून घेतात.

फोर्डचं 7.3 लिटरचं इंजिन आजपण लोक शोधून घेतात, आणि त्याच्या जागी 2003 ला आलेल्या 6.0 ने मालकांना रडवलं. त्याचं कारण इथल्या प्रत्येक डिझेलवाल्याने ऐकण्यासारखं आहे, कूलंटमधला कचरा ऑइल कूलरच्या बारीक वाटांत अडकायचा, मग पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) पाणी कमी पडायचं, तो तडकायचा, कूलंट इंजिनात जायचं आणि शेवटी हेड गॅस्केट उडायचं. सुरुवात कुठून, तर कूलंटपासून. आणि आपल्याकडे लोक रेडिएटरात विहिरीचं पाणी ओततात, लोह असलेलं, तळाला तांबडी साय धरणारं! घरात फिल्टर लावून पाणी पितात आणि गाडीला हे पाजतात, मला खरंच वाईट वाटतं.

जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स इंजिन 2001 ला आलं ते इसुझूच्या बरोबरीने बनवलेलं. हीच इसुझू आज आंध्रात श्रीसिटीला डी-मॅक्स पिकअप बनवते, इंजिन वेगळं आणि बरंच लहान. पहिल्या ड्युरामॅक्सचे इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नोझल, खराब व्हायचे आणि ते बसवलेले व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, म्हणजे बदलायला अर्धं इंजिन उघडा. पुढे तिन्ही घराण्यांनी कधी ना कधी एकाच जातीचा हाय प्रेशर डिझेल पंप वापरला, तो आतून घासला की लोखंडाचा बारीक चुरा सगळ्या लाइनमध्ये पसरतो, टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागतं. 2019 आणि 2020 च्या रॅम तर कंपनीने परत बोलावून पंप बदलून दिला.

मला तिघांतली एक घ्यायला सांगितली तर मी जुनी 5.9 कमिन्सवाली रॅम घेईन, पण ती पिन बघून. आणि इथे चालवता ती गाडी असो बोलेरो असो योद्धा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत जरासं डिझेल काढून ठेवा. पाच मिनिटांत पाणी असलं तर तळाला थेंब वेगळे दिसतील. ते पाणी पुढे गेलं असतं तर इंजेक्टरचा खर्च हजारांत होता.

प्रश्न (म्हापसा): बीएस 6 पिकअप, सकाळी पाव आणि दूध वाटायला, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. फिटर म्हणतो काढून टाकूया.

उत्तर: काढू नका, बेकायदा आहे. डीपीएफमध्ये काजळी साठते आणि ती जाळायला सायलेन्सर नीट तापावा लागतो, तुमची गाडी तापायच्या आधीच बंद होते. आठवड्यातून एकदा महामार्गावर न थांबता अर्धा तास चालवा, दिवा विझेपर्यंत बंद करू नका. ऑइलची कांडी पण बघत जा, पातळी वाढली असेल तर काजळी जाळायला सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ते ऑइल लगेच बदला. पुढची गाडी घेताना मात्र डिझेल घेऊ नका, तुमच्या कामाला इलेक्ट्रिक नाहीतर पेट्रोल बरी.

प्रश्न (पेडणे): दादा, आम्ही बायकांनी मिळून काजू आणि भाजीच्या धंद्याला जुनी बीएस 4 पिकअप बघितलीय. आमच्यात गाडीतलं कळणारं कोण नाही. काय बघायचं?

उत्तर: ताई, विकणाऱ्याला सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नको, आणि सकाळी जाऊन बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर त्याने आधीच स्टार्ट करून ठेवलीय, परत दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडी एका सेल्फला लागली पाहिजे. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडायला सांगा, आतून धुराचे भपकारे येत असतील तर इंजिन उघडून दुरुस्त करायच्या कामाला आलंय. चासी नंबर कागद लावून पेन्सिलने घासून घ्या आणि आरसीशी जुळवा. मग मागच्या चाकाच्या वर स्क्रूड्रायव्हर टेकवा, कुटबणच्या पोराला सांगितलं तसं. रिकामी चालवून बघू नका, चार गोणी टाकूनच बघा. आणि तरी भीती वाटत असेल तर पैसे द्यायच्या आधी गाडी रविवारी सकाळी माझ्याकडे आणा, मी खाली झोपून बघून देतो.