अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची प्रेमगीतं आजही मनाला का भिडतात?

आधी श्रेय मायक्रोफोनला. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज संपली. कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. सिनात्राने त्यात श्वासाची भर घातली. बँडलीडर टॉमी डॉर्सी ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यावर लांबलचक सुरावट न तोडता नेई, ते बघून हा एका दमात पुढच्या ओळीत शिरायला शिकला. शिवाय शब्द तालाच्या किंचित मागे ठेवायचा, म्हणून ओळ पाठ केलेली नाही, आत्ताच सुचलेली वाटते. नक्कल करणारे इथेच फसतात: आवाज जमतो, पण भलत्या जागी श्वास घेऊन वाक्याचा अर्थच तुटतो. १९५५ चा ‘इन द वी स्मॉल अवर्स’ हा त्याचा अल्बम हेडफोनवर, हळू आवाजात ऐका. संगीत संयोजक नेल्सन रिडलची वाद्यं शब्दांसाठी कशी मागे सरतात, तिकडे लक्ष ठेवा.