वाचकांचे प्रश्न: बॉलपेनच्या टोपणाला भोक कशासाठी?

प्रश्न: बॉलपेन लास्लो बिरो यांनी शोधलं असं ऐकत आलो. मग १८८८चं अमेरिकन पेटंट कुणाचं? आणि काही पेनांच्या टोपणाला आणि अंगालाही बारीक भोक असतं, ते कशासाठी?

उत्तर: १८८८चं पेटंट जॉन लाउड यांचं. ते चामड्याच्या धंद्यातले. चामड्यासारख्या खरबरीत पृष्ठभागावर निब अडते, म्हणून त्यांनी खोबणीत फिरणारी छोटी पोलादी गोळी बसवली. म्हणजे गोळीची कल्पना बिरोंच्या पन्नास वर्षं आधीची आहे. चामड्यावर खुणा करायला ती चालली, कागदावर नीट लिहायला मात्र नाही. अडचण शाईची होती. शाई पातळ असेल तर गोळीच्या कडेने गळते, घट्ट असेल तर गोळीपर्यंत पोचतच नाही. पेटंटची मुदत संपली तरी पेन बाजारात आलं नाही.

बिरो हंगेरीतले पत्रकार. वर्तमानपत्राची शाई चटकन वाळते, पुसटत नाही, हे त्यांनी पाहिलं. पण ती घट्ट शाई फाउंटन पेनच्या निबमधून उतरेना. मग रसायनशास्त्र जाणणारे भाऊ ग्यॉर्गी यांच्या मदतीने त्यांनी गोळीला साजेशी शाई तयार केली. १९३८मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि अर्जेंटिनात गेल्यावर १९४३मध्ये सुधारित पेनाचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या पेनात शाई निव्वळ वजनाने खाली यायची, त्यामुळे पेन उभंच धरावं लागे. पुढे बारीक नळीतलं केशाकर्षण (अरुंद नळीत द्रव आपोआप ओढला जाणं) वापरल्यावर ते तिरकं धरूनही चालू लागलं. अर्जेंटिनात बॉलपेनला आजही ‘बिरोमे’ म्हणतात. आमच्या मते मान दोघांनाही द्यावा, पण लिहितं पेन बिरोंचंच.

आता भोकांविषयी. टोपणाचं भोक शाई वाळू नये म्हणून असतं, हा समज चुकीचा आहे. मुलाने टोपण गिळलं आणि ते श्वासनलिकेत अडकलं, तर थोडी तरी हवा आत-बाहेर व्हावी म्हणून ते ठेवतात. भोक आहे म्हणून टोपण लहान मुलाच्या हाती द्यावं असा त्याचा अर्थ नाही! पेनाच्या अंगावरचं भोक आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवतं. रिफिलचं मागचं तोंडही त्याचसाठी उघडं असतं: शाई पुढे सरकेल तशी मागून हवा यायला हवी.

भिंतीवर कागद धरून टोक वर करून लिहिलं की पेन बंद पडतं, कारण शाई गोळीपासून मागे सरकते आणि मध्ये हवा शिरते. अशा वेळी पेन टोक खाली करून काही तास उभं ठेवा, मग जाड कागदावर गोल गोल गिरवा. तेलकट कागदावर गोळी फिरतच नाही, नुसती घसरते. तिथे पेनाचा दोष नसतो, कागद बदला.

प्रश्न: कपड्याच्या चेनचा शोध नेमका कुणाचा? आणि रनर पुढे गेला तरी मागे दाते उघडेच राहतात, तर चेन बदलावीच लागते का?

उत्तर: १८९३मध्ये अमेरिकेत व्हिटकम्ब जडसन यांनी बुटांसाठी एक बंद काढला. त्यात आकडे आणि कड्या होत्या, रनरने त्या एकमेकांत अडकायच्या. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडलाही गेला, पण विश्वासाचा नव्हता. आकडा नको तेव्हा सुटायचा. आज आपण वापरतो ती चेन स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या गिडियन सुंडबॅक यांची. १९१३मध्ये त्यांनी आकडे काढूनच टाकले. त्याऐवजी अगदी एकसारखे दाते घेतले: प्रत्येक दात्याच्या एका अंगाला उंचवटा, दुसऱ्या अंगाला खळगा. एकाचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात बसतो. पूर्वी इंचाला चारच बंद असत, त्यांनी दहा दाते बसवले. पेटंट १९१७मध्ये मिळालं. त्यांची खरी करामत मात्र आम्हाला वेगळीच वाटते. तारेतून दाते कापून, ठोकून, थेट कापडी पट्टीवर आवळत जाणारं यंत्रही त्यांनीच बनवलं. हाताने इतके एकसारखे दाते कोण घडवणार? ‘झिपर’ हे नाव १९२३च्या सुमारास गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांमुळे रुळलं.

आता दुरुस्ती. दाते शाबूत असतील तर दोष बहुतेक वेळा रनरचा असतो. वापरून वापरून त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमधली फट वाढते आणि दाते एकमेकांत दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला, म्हणजे उघड्या टोकाला न्या. जुळलेले दाते ज्या बाजूने बाहेर पडतात, ती रनरची मागची बाजू. तिच्या डाव्या आणि उजव्या कडा छोट्या पकडीने आळीपाळीने हलकेच दाबा. एकदम जोर लावू नका, पत्रा तुटतो किंवा रनर जाम होतो. दरवेळी थोडं दाबायचं, चालवून पाहायचं. चेन नुसतीच जड चालत असेल तर धातूच्या दात्यांवर पेन्सिलीचं शिसं आणि प्लॅस्टिकच्या दात्यांवर मेणबत्ती घासा. तेल घालू नका. त्यावर धूळ बसते आणि कापडाला डाग पडतात. दाताच गळाला असेल तर मात्र चेन बदलणं बरं.

प्रश्न: डबा आधी की डबा उघडायचं साधन?

उत्तर: डबा, आणि बराच आधी. पत्र्याच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरांड यांनी १८१०मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. सुरुवातीचे डबे जाड लोखंडाचे असत, ते छिन्नी-हातोडीने फोडावे लागत. पत्रा पातळ झाला तेव्हा कुठे उघडण्याच्या साधनाला अर्थ आला: १८५५मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्स, १८५८मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर.

प्रश्न: काडी काडेपेटीच्याच पट्टीवर का पेटते? दमट हवेत ती का पेटत नाही?

उत्तर: घासून पेटणारी काडी इंग्लंडचे औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी काढली; त्यांची पहिली विक्री ७ एप्रिल १८२७ची. ती कुठल्याही खरखरीत जागी पेटे. पुढे पांढरा फॉस्फरस घातलेल्या काड्या आल्या. त्या सहज पेटत, पण कारखान्यातल्या कामगारांचे जबडे त्या विषाने सडत. हा त्या छोट्या वस्तूचा फार काळा भाग आहे. १९०६च्या बर्न करारात तो फॉस्फरस वापरण्यावर बंदी घालायचं ठरलं.

सुटकेचा मार्ग स्वीडनच्या गुस्ताव एरिक पाश यांनी १८४४मध्येच दाखवला होता: पेट घेणारे पदार्थ वेगळे ठेवायचे. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, पट्टीवर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड. घासल्याच्या उष्णतेने फॉस्फरसचा कण क्लोरेटला भिडतो आणि पेटतो. दोघे एकत्र आल्याशिवाय ठिणगी नाही, म्हणून साध्या भिंतीवर काडी घासून उपयोग नसतो.

दमट हवेत गुल मऊ पडतो आणि घासताना गळून जातो. काड्या पसरून वाऱ्यावर कोरड्या होऊ द्या, चुलीजवळ किंवा शेगडीवर ठेवू नका. पुष्कळदा काड्या चांगल्या असतात आणि पट्टी झिजलेली असते. दुसऱ्या पेटीची पट्टी वापरून आधी ते तपासा.

प्रश्न: चिकटचिठ्ठी (पोस्ट-इट) अपघाताने लागलेला शोध म्हणतात. खरं का?

उत्तर: अर्धं खरं. ३एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८मध्ये जोरदार गोंद हवा होता. हाती आला तो सूक्ष्म गोळ्यांचा कच्चा गोंद. त्या गोळ्या कागदाला थोड्याच ठिकाणी टेकतात, म्हणून तो चिकटतो आणि सुटतोही. उपयोग मात्र सुचेना. १९७४मध्ये सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळू नयेत म्हणून हा गोंद आठवला. तरी गोंद चिठ्ठीवरच राहावा, दुसऱ्या पानाला लागू नये, यासाठी कागदाला आधी वेगळा थर द्यावा लागला. चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विकायला आल्या त्या १९८०मध्ये. अपघात एका दिवसाचा, पुढचं काम बारा वर्षांचं.

भिंतीवर चिठ्ठी वळून वर येत असेल तर ती गठ्ठ्यातून खालून वर ओढू नका. गोंदाच्या पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, आडवी सोलून काढा. कागद सपाट राहतो. पृष्ठभागावरची धूळ आधी पुसा, नाहीतर गोळ्यांवर तीच बसते आणि चिठ्ठी पडते.